पेशीच्या आतली मालवाहतूक कॉम्प्युटरवर कशी चालवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कॉलेजातली पोरं प्रोजेक्टसाठी विचारतात, गावातले लोक पारावर विचारतात, आणि दर वर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून टाकले. क्रम काही खास नाही, जे पाहिजे ते वाचा.

पेशीतली वाहतूक म्हणजे काय, रक्ताबद्दल बोलताय का?

नाही, रक्त पेशीच्या बाहेर. आपण एका पेशीच्या आतलं बोलतोय. प्रथिन तयार होते एका कोपऱ्यात आणि लागते दुसऱ्याच टोकाला, मंग ते न्यावं लागते. बारक्या पिशव्यांत (यांना व्हेसिकल म्हणतात) भरून माल जातो, मायटोकॉन्ड्रिया अख्खेच्या अख्खे हलवले जातात, मोडका माल परत आणला जातो. रस्ते दोन प्रकारचे: मायक्रोट्युब्यूल, म्हणजे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या, आणि ॲक्टिनचे बारीक धागे. ओढणारी प्रथिनं (यांनाच मोटर म्हणतात) तीन घराण्यांची, कायनेसिन, डायनिन आणि मायोसिन. प्राण्यांच्या पेशीत कायनेसिन बहुतेक बाहेरच्या बाजूला नेते, डायनिन मधल्या केंद्राकडे आणते. फुलझाडांत डायनिन नाहीच, तिथे बहुतेक माल ॲक्टिनवरून मायोसिन ओढते. कायनेसिन १९८५ मध्ये वेल, रीझ आणि शीट्झ या तिघांनी माकूळ माशाच्या जाड मज्जातंतूतून शोधलं.

एवढीशी पेशी, तिच्यात मोटर कायले पाहिजे? आपोआप पसरून नाही जात काय?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर आपल्या वावरातच आहे. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी बोंडात वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, जाडी मात्र मायक्रोमीटरमध्ये मोजायची. आता धरा की एक प्रथिन या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं धक्के खात चाललं. हे धक्के रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिले, हिशोब आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडला. हिशोब सोपा आहे: अंतराचा वर्ग भागिले डिफ्यूजनच्या (म्हणजे असं धक्के खात पसरण्याच्या) आकड्याची दुप्पट, तेवढा वेळ. पेशीच्या रसात मध्यम आकाराच्या प्रथिनाचा हा आकडा साधारण १० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरतात. १० मायक्रोमीटरच्या साध्या पेशीत ५ सेकंद लागतात, म्हणजे मोटरची गरजच नाही. आणि ३ सेंटिमीटरच्या तंतूत? ४.५ कोटी सेकंद, म्हणजे ५२० दिवस. पऱ्हाटी तर तोवर उपटून झाली, पुढच्या वर्षीची पेरून झाली. आणि खरा तंतू लांबीला वाढतो तो फूल उमलल्यावर तीनेक आठवड्यांतच.

अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट, सगळी गोम इथेच आहे. मोटर किंवा वाहता प्रवाह असला की अंतर दुप्पट तर वेळ दुप्पट, एवढंच. प्रवाह सेकंदाला ५ मायक्रोमीटर धरला तर तेच ३ सेंटिमीटर १०० मिनिटांत. एकच प्रथिन या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते असं नाही, पण अंदाज यायला हा हिशोब पुरेसा आहे.

माणसात हेच मज्जातंतूचं. कमरेपासून तळपायापर्यंत एकेक तंतू जवळपास मीटरभर. नुसत्या डिफ्यूजनने दीड हजार वर्षांच्या वर लागतील, मोटरवरचा जलद माल मात्र दिवसाला ५० ते ४०० मिलिमीटर जातो.

प्रयोग करता येतात तर सिम्युलेशन काहून?

प्रयोग होतातच, आणि भारी होतात. आर्थर ॲश्किनने १९८६ मध्ये लेसरचा चिमटा दाखवला (त्याचं नोबेल त्याला २०१८ मध्ये भेटलं), त्या चिमट्याने १९९३ मध्ये कायनेसिनचं एकेक पाऊल मोजलं गेलं, ८ नॅनोमीटर. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) संध्या कौशिका यांचा गट जिवंत सूत्रकृमीच्या मज्जातंतूत माल जाताना बघतो. रूप मल्लिक यांनी डायनिनवर काम केलं, वजन वाढलं की डायनिन लांब ढांगा सोडून छोटी पावलं टाकते हे २००४ च्या कामात दिसलं, त्यात ते होते.

पण मायक्रोस्कोपखाली दिसतो माल, त्याच्यामागे किती मोटर लागल्या आहेत, कोणती सुटली, कोणती परत बसली, हे जिवंत पेशीत एका वेळी सगळं दिसत नाही. तिथे सिम्युलेशन लागते. तुम्ही नियम धरता, कॉम्प्युटरवर हजारदा चालवता, आणि निघालेलं चित्र प्रयोगासारखं येते का ते बघता. नाही आलं तर धरलेला नियम चूक. माझ्या मते याचा खरा उपयोग हाच आहे, नियम बाद करणे. "सिम्युलेशनने सिद्ध झालं" असं कोणी लिहिलं की मी तो पेपर जरा बारकाईनं वाचतो.

यूट्यूबवर ते दोन पायाचं कायनेसिन मोठा गोळा ओढत ऐटीत चालते, ते सिम्युलेशन आहे का?

नाही, ती ॲनिमेशन. चित्रकाराने काढलेली, माहिती बघूनच काढलेली, पण त्यात हिशोब चालत नाही. खऱ्यात तो पाय दर क्षणाला थरथरत असते, पाण्याचे रेणू चारी बाजूंनी मारत असतात, आणि पाऊल एकदम पडते, आरामात उचलून ठेवलेलं नसते. एका पायामागून दुसरा पाय पुढे टाकणं मात्र खरं आहे, ते २००४ पर्यंत प्रयोगाने पक्कं झालं. एक पाऊल, एक एटीपी (पेशीतलं इंधन). सेकंदाला साधारण शंभर पावलं. म्हणजे वेग ८०० नॅनोमीटर, मिलिमीटरला वीसेक मिनिटं.

लॅपटॉप कोणता लागेल? आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

कोणताही चालते, ४ जीबी रॅमवालाही. लॅपटॉप नसला तर मोबाइलवर गूगल कोलॅब उघडा, नेट मात्र पाहिजे. लाइटचं म्हणाल तर मोठा रन असला की दर थोड्या वेळाने स्थिती फाइलीत सेव्ह करायची सोय पहिल्याच दिवशी कोडमध्ये घाला, रँडम नंबरची स्थिती पण सेव्ह करा, नाहीतर नंतर तोच रन परत काढता येत नाही.

सुरुवात कशानं करू? एकदम सोपं सांगा.

एकच मोटर घ्या. तिच्या हातात दोनच गोष्टी आहेत, पाऊल टाकणं (सेकंदाला १०० या दराने) आणि नळीवरून सुटणं (सेकंदाला १ या दराने). दोन्ही दर मिळून १०१. आता ० ते १ मधला एक रँडम आकडा काढा, त्याचा नॅचरल लॉग घ्या, उणे चिन्ह लावा, १०१ ने भागा. पुढची घटना किती वेळाने घडेल ते निघालं. दुसरा रँडम आकडा काढा, त्याला १०१ ने गुणा, उत्तर १०० च्या खाली आलं तर पाऊल टाका, जागा ८ नॅनोमीटरने वाढवा, नाहीतर मोटर सुटली, खेळ खतम. हे लूपमध्ये टाका. झालं. याला गिलेस्पी पद्धत म्हणतात, १९७६-७७ मध्ये त्याने रसायनाच्या अभिक्रियांसाठी मांडली होती आणि आज पेशीच्या सिम्युलेशनवाल्यांचं अर्धं काम तिच्यावर चालते. पायथन नसेल येत तर एक्सेलमध्ये रँड फंक्शन लावून खाली ओढत नेलं तरी जमते, मी पोरांना पहिल्यांदा एक्सेलमध्येच करायला लावतो कारण प्रत्येक ओळ डोळ्यांनी दिसते.

आता हे हजार मोटरींसाठी चालवा आणि कोणती किती पावलं चालली त्याचा प्लॉट काढा. पोरांना वाटते की १०० च्या आसपास ढीग दिसेल. तसं नाही होत. सरासरी १०० च येते, पण सगळ्यात उंच दांडी सुरुवातीलाच असते, अर्ध्या मोटरी ७० पावलांच्या आतच सुटतात आणि काही थोड्या चारशे-पाचशे पावलं जातात. मोटर थकते म्हणून सुटत नाही, तिला आठवणच नाही की आपण किती चाललो, प्रत्येक पावलाला सुटायची शक्यता तेवढीच.

न्यूटनचे नियम वापरायचे ना?

वस्तुमानाचं पद काढून टाकायचं. पेशीच्या आत चिकटपणा एवढा भारी पडते की ओढणं थांबलं त्या क्षणी माल थांबला, पुढे घरंगळणं नाही. परसेल यांनी १९७७ मध्ये हिशोब दिला होता की पोहणारा बॅक्टेरिया शेपूट थांबवल्यावर अणूच्या जाडीएवढाही पुढे जात नाही. म्हणून समीकरणात फक्त बळ, घर्षण आणि रँडम धक्का एवढंच उरते. लँजेव्हिनचं समीकरण १९०८ चं, त्यातून वस्तुमान काढलेलं.

टाइमस्टेप किती घेऊ?

टाइमस्टेप म्हणजे एका पायरीत वेळ किती पुढे न्यायची ते. इथे लय लोक फसतात म्हणून आकडे देतो. बारक्या पिशवीचा डिफ्यूजनचा आकडा सोयीसाठी १ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरला आणि टाइमस्टेप १ मिलिसेकंद घेतला तर एका उडीत ती सरासरी ४५ नॅनोमीटर सरकते. नळी आहे २५ नॅनोमीटर जाड. म्हणजे पिशवी नळीच्या या बाजूला होती आणि पुढच्या क्षणी त्या बाजूला, मधे नळी लागलीच नाही! कोड एरर देत नाही, प्लॉट पण छान येते, फक्त मोटर नळीवर बसायचं प्रमाण खोटं निघते. टाइमस्टेप १०० पट लहान करा, १० मायक्रोसेकंद, तर उडी १० पट लहान होते, ४.५ नॅनोमीटर. आता ठीक. पण मंग एका सेकंदासाठी एक लाख पायऱ्या आणि हजार पिशव्या असल्या तर १० कोटी. साध्या पायथन लूपमध्ये चहा पिऊन या, जेवण करून या. नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सगळ्या पिशव्या एकदम हलवा.

एकाच मालाला दोन्ही बाजूंनी मोटरी लागल्या तर माल जागेवरच नाही राहणार काय?

मलाही हा भाग सगळ्यात जास्त आवडते. पेशीत खरंच असं असते, एकाच पिशवीवर कायनेसिन पण आणि डायनिन पण. कॉमनसेन्स म्हणते की दोन्हीकडून ओढाताण झाली की पिशवी मधेच अडकेल. मायक्रोस्कोपखाली मात्र ती थोडी इकडे पळते, थांबते, मंग एकदम तिकडे पळते. बऱ्याच लोकांनी धरलं होतं की कोणीतरी कंट्रोल करणारं प्रथिन एका टोळीला बंद ठेवत असेल. २००८ मध्ये म्युलर, क्लुम्प आणि लिपोव्स्की यांनी दाखवलं की कंट्रोलरशिवायही असं होऊ शकते, नुसत्या ओढाताणीतून.

गंमत सुटायच्या दरात आहे. मोटरवर जोर आला की सुटायचा दर घातांकाने वाढते. कायनेसिनसाठी दर ३ पिकोन्यूटनला (बळ मोजायचं बारीक एकक) तो २.७ पट होतो असं धरतात. आता तीन मोटरींवर मिळून ९ चा भार आहे, प्रत्येकीवर ३, दर २.७ पट. एक सुटली. उरलेल्या दोघींवर साडेचार-साडेचार, दर ४.५ पट. आणखी एक सुटली, आता एकटीवर ९, दर २० पट, आणि तिची ताकद तर मुळात ५ ते ७ चीच, ती काय टिकते. म्हणजे एकदा एका बाजूची एक मोटर सुटली की ती पूर्ण बाजू धडाधड कोसळते आणि दुसरी बाजू मोकळी पळते. थोड्या वेळाने सुटलेल्या परत बसतात, परत ओढाताण, यावेळी कदाचित दुसरी बाजू हरते.

पण एक अडचण आहे. एका डायनिनचा जोर किती धरायचा? काही प्रयोगांत १ पिकोन्यूटनच्या आसपास आला, सोबतची मदतनीस प्रथिनं जोडली तर ४ च्या आसपास. हा एक आकडा बदलला की कोण जिंकते ते बदलते. म्हणून प्रोजेक्टमध्ये एकच आकडा घेऊन निकाल छापू नका, १ पासून ५ पर्यंत सगळे चालवा आणि तक्ता द्या.

नळीवर जाम लागते का?

लागते. नळीला ८ नॅनोमीटरच्या घरांची एक रांग समजा, एका घरात एकच मोटर, पुढचं घर रिकामं असेल तरच पाऊल. एवढ्या दोन नियमांवर मोठं शास्त्र उभं आहे, १९६८ मध्ये मॅकडोनाल्ड, गिब्ज आणि पिपकिन यांनी रायबोसोमसाठी (पेशीत प्रथिन बनवणारं यंत्र) ते मांडलं होतं. निकाल तीन प्रकारचे. कमी मोटरी चढल्या तर रस्ता मोकळा. शेवटी उतरायचा दर कमी असला तर शेवटापासून मागे जाम वाढत येते, दिवाळीनंतर जिनिंगच्या गेटवर कापसाच्या गाड्या लागतात तसं, गेट एक, काटा एक, मंग रांग थेट डांबरी रोडपर्यंत. आणि चढणं-उतरणं दोन्ही भरपूर असेल तर अर्धी घरं भरलेली राहतात, आणि या मॉडेलमध्ये एका नळीवरून जास्तीत जास्त माल जाते तो तेव्हाच.

२००३ मध्ये पार्मेजानी, फ्रानोश आणि फ्राय यांनी यात एक बदल केला, मोटर मधेच चढू शकते, मधेच उतरू शकते. त्याने झालं असं की जाम एका ठरावीक जागी थबकून राहायला लागला, मागे मोकळा रस्ता, पुढे गच्च. आपल्याकडे आयआयटी कानपूरचे देबाशिष चौधरी यांनी आधी रस्त्यावरच्या ट्रॅफिकची मॉडेलं केली आणि मंग मोटर प्रथिनांची, उगाच नाही. हे मॉडेल बीएस्सीच्या पोराला पन्नास ओळींत लिहिता येते.

रन तर झाला, उत्तर बरोबर आहे हे कसं समजू?

आधी मोटरी बंद करून चालवा, आइन्स्टाइनचा हिशोब जसाच्या तसा आला पाहिजे, नाही आला तर कोडमध्येच घोळ आहे, पुढे जाऊ नका. मंग टाइमस्टेप अर्धा करा, उत्तर बदललं तर अजून अर्धा करा. आणि एका रनवर भरोसा नको. वरच्या एका मोटरीच्या उदाहरणात हजार रनची सरासरी १०० च्या जवळ यायला पाहिजे, पण बरोब्बर १०० नाही, तीनेक पावलांचा चढउतार चालते. १३० आली तर शोधा.

एआयकडून कोड लिहून घेतला तर चालते का?

चालते, पण एककं स्वतः तपासा. नॅनोमीटर आणि मायक्रोमीटरची मिसळ कोड चालू देते आणि उत्तर हजार पट चुकवते. एक आकडा पाठच करून ठेवा: खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. कायनेसिनचं एक पाऊल, ८ नॅनोमीटर गुणिले ६ पिकोन्यूटन, ४८. एटीपीतून येते साधारण ८० ते १०० इतकी. कोडमधून मोटरचं काम एटीपीपेक्षा जास्त निघालं तर कोडने फुकटात ऊर्जा तयार केली असं समजा.

तयार सॉफ्टवेअर कोणतं?

नळ्या, धागे, मोटरी, हे सगळं वाकणं-वळणं पाहिजे असेल तर साइटोसिम, फुकट आहे, नेडेलेक यांच्या गटाचं. रेणू फिरतात, भिडतात, अभिक्रिया होते एवढंच असेल तर स्मोल्डिन, पायथनमधून चालते. एमसेल चेतापेशींच्या जोडाजवळच्या कामासाठी चांगलं. व्हीसेलमध्ये माउसने काम होते पण हिशोब त्यांच्या सर्व्हरवर होतो, आपल्याकडच्या नेटवर कधी कधी वैताग येते. माझं मत विचाराल तर पहिलं मॉडेल स्वतः लिहा, मंगच हे उघडा.

अख्खी पेशी काहून नाही चालवत, एकेका अणूसकट?

अणूंच्या सिम्युलेशनचा टाइमस्टेप २ फेमटोसेकंद असतो. एक सेकंद काढायला ५ वर १४ शून्यं एवढ्या पायऱ्या, आणि तेही एका मोटरसाठी. म्हणून वरच्या पातळीवर बारकावे सोडावे लागतात. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ५२५ जनुकांच्या एका छोट्या बॅक्टेरियाचं पूर्ण पेशीचं मॉडेल केलं, पण त्यात अणू नव्हते, वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे हिशोब एकत्र जोडले होते.

आमच्या शेतीशी याचा काय संबंध हो?

कृषी केंद्रात जा आणि बघा. बाविस्टीन, म्हणजे कार्बेन्डाझिम, बुरशीच्या ट्युब्युलिनला धरते, आणि ट्युब्युलिनपासूनच मायक्रोट्युब्यूल बनते. कापूस-सोयाबीनमध्ये पेरणीनंतर उगवणीआधी मारतात ते पेंडिमेथालिन, ते तणाच्या ट्युब्युलिनला धरते. शाळेत-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात ती जंताच्या ट्युब्युलिनला. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन निघते, कॅन्सरचं औषध, ते माणसाच्या. पावसाळ्यात जंगलाकाठी फुलते त्या कळलावीत कोल्चिसिन असते, तेही तिथेच बसते (कंद जहरी आहे, हात लावू नका). सगळ्यांचं निशाण एकच प्रथिन, फक्त जीव वेगळा, आणि त्या प्रथिनात जीवागणिक थोडा थोडा फरक आहे म्हणून बुरशी मरते आणि पऱ्हाटी राहते. बुरशीत त्या जागचं एक अमिनो आम्ल बदललं की बाविस्टीन बसतच नाही, मंग कितीही फवारा.

यातल्या बहुतेक औषधांचा मुख्य मार पेशी विभागणीवर आहे, वाहतुकीवर नाही, हे पण सांगून ठेवतो. पण रस्ता तोच असल्याने वाहतूकही सापडते, व्हिनक्रिस्टीन घेणाऱ्यांच्या हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, त्याचं एक कारण लांब मज्जातंतूतला बिघडलेला माल हेच धरतात.

हे शिकून नोकरी लागते का?

फक्त याच्यावर, सरळ नाही. पण पायथन, स्टॅटिस्टिक्स, मॉडेल तपासायची सवय, हे सगळं दुसरीकडे चालते. पुढे संशोधनात जायचं असेल तर नेट-गेट आणि आयसर, टीआयएफआरच्या परीक्षा बघा, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपला अर्ज टाका, तारखा आधीच निघतात.

प्रोजेक्टला विषय सुचवा.

कापसाचाच घ्या ना. ३ सेंटिमीटरची नळी, बाजूंनी पातळ रसाचा थर, मधे मोठी रिक्तिका (पाण्यानं भरलेली पिशवी), काही पिशव्या प्रवाहासोबत जातात, काही डिफ्यूजनने, आणि टोकाला भिंतीचा माल किती पोहोचतो ते काढा. प्रवाह सेकंदाला १, ३, ५ मायक्रोमीटर ठेवून बघा. थराची जाडी बदलून बघा. तंतूची वाढ पण चालू ठेवली, म्हणजे टोकच पुढे पळत असते, तर जास्त मजा येते, आणि त्याच्यासाठी लागणारा कोड वरच्या गिलेस्पीच्या लूपपेक्षा फार मोठा नाही.